आयुधपूजेला उभी राहिलेली गाडी

बाळांनो,

परवा फोनवर तुम्ही हसत हसत सांगितलंत की, तुमची भाड्याची विजेची गाडी परत करताना कंपनीने बाबांनी टपावर बसवलेला सायकली ठेवायचा सांगाडा काढायला लावला आणि काचांवरची काळी फिल्मसुद्धा खरवडायला लावली. तुम्ही हसत होतात. तुमचे बाबा हसत नव्हते, तेही मला ऐकू येत होतं. का, ते त्यांनी सांगितलं नसेल, कारण त्यांनाही ते पुरतं ठाऊक नाही. ते तेव्हा परदेशी शिकत होते आणि मी त्यांना चारच ओळी कळवल्या होत्या. आता माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं आहे. या वयात त्यानंतर किती दिसेल, कोण जाणे. म्हणून आधी लिहून काढते.

तुमचे आजोबा इथे कुंभकोणमच्या कॉलेजात गणित शिकवत. दर शनिवारी सायकलवरून जवळच्या गोविंदपुरमला भजनाला जात. तिथली मंडळी तमिळ, अभंग मात्र मराठी. त्यांच्या तोंडी ‘भ’चा ‘प’ होई आणि आजोबा टाळ थांबवून तो दुरुस्त करत. लोकांना ते आवडे, निदान आजोबांना तसं वाटे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांना पक्षाघात झाला आणि उजवा पाय गेला. पुढची काही वर्षं ते ओट्यावर बसून होते. मी टॅक्सी बोलवू म्हटलं की म्हणायचे, “दोघांनी उचलून आत ठेवावयास मी काय उत्सवमूर्ती आहे?”

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोइंबतूरच्या एका लहानशा कंपनीने बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या केल्या. विकायच्या आधी पारखून पाहाव्यात म्हणून त्यांनी त्या काही गावांत महिन्याच्या भाड्याने दिल्या. आजोबांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आमचं नाव सुचवलं. दोन माणसांची, फायबरची, पिवळी गाडी होती ती. गल्लीतली मुलं तिला साबणाची डबी म्हणत. आवाज नाही, धूर नाही. गोविंदपुरमला जाऊन परत येण्यापुरती वीज तिच्यात मावे.

पण ती पायाने चालवायची होती. आजोबांनी आठवडाभर कागदावर आकृत्या काढल्या आणि आमच्या रस्त्यावरच्या मेकॅनिककडून पायातली दोन्ही पेडलं काढवून हाताचा दांडा बसवून घेतला. पुढे ढकलला की वेग, मागे ओढला की ब्रेक. दांड्याची मूठ स्वामीमलैला ओतवली. तिथल्या मूर्तिकाराने मऊ मेणाचा गोळा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, “सार, गाडी चालवताय असं समजून धरा.” त्या पकडीवर मातीचा साचा चढला, मेण वितळून गेलं आणि त्यांच्याच बोटांच्या खाचा असलेली काशाची मूठ तयार झाली. दीड वर्ष आजोबा शनिवारी एकटे गेले आणि एकटे आले. मी त्यांच्या शेजारी क्वचितच बसले. एकटं जाण्यातच त्यांचा आनंद होता.

मग कंपनीने गाड्या परत मागितल्या. आजोबांनी ती विकत मागितली, कंपनीवाले नाही म्हणाले. त्यांचा माणूस आला तो नेमका आयुधपूजेच्या दिवशी. तरुण होता, सभ्य होता. गाडीत डोकावून त्याने कपाळाला हात लावला. इकडे परक्या बाईलाही मामीच म्हणतात.

“मामी, हे काय करून ठेवलंत? गाडी दिली तशीच परत हवी.”

आजोबा म्हणाले, “दांडा असाच राहू द्या. माझ्यासारख्या दुसऱ्या कुणाला द्या.”

“कुणालाच देणार नाहीत, सार. सगळ्या मोडीत निघणार आहेत.”

“मोडायचीच आहे तर पेडलं कशाला बसवायची?”

“नियम आहे, सार,” तो म्हणाला. त्यालाही लाज वाटली असावी.

पण त्या दिवशी पेडलं बसवणार कोण? आयुधपूजेला आपल्याकडे माणूस ज्यावर जगतो ते हत्यार देवापुढे ठेवतो आणि विजयादशमीच्या सकाळपर्यंत त्याला हात लावत नाही. मेकॅनिकचे पाने चंदन लावून केळीच्या पानावर मांडलेले होते. आमच्या घरात पुस्तकं आणि माझी कात्री देवापुढे होती, आणि गाडीलाही सकाळीच चंदन-कुंकू लावून मुठीला झेंडूची माळ घातली होती. कंपनीचा माणूस आमच्याकडे जेवला, दोनदा पायसम घेतलं. हात धुताना म्हणाला, “सार, काम उद्या होईल. आज संध्याकाळपर्यंत गाडी तुमचीच. हवं तिथे फिरून या.” मग मेकॅनिकला सकाळचं काम सांगून तो लॉजवर गेला.

मी मागे लागले. “अहो, जाऊन या ना गोविंदपुरमला. तो आपण होऊन सांगतो आहे.”

“पूजेत ठेवलेल्या वस्तूस आज हात लावावयाचा नाही.”

“सगळा गाव वाहनांची पूजा करतो आणि चाकाखाली लिंबू ठेवून त्याच दिवशी चालवतो.”

“गावाचं ते वाहन. मज ती गाडी म्हणजे पाय आहे, आयुध आहे. उदईक विजयादशमी. सूर्य उगवता निघतो, आठाच्या आत परत येतो. तो माणूस नवाच्या आधी काय येतो?”

हे त्यांनी फक्त मला सांगितलं. संध्याकाळ त्यांनी ओट्यावर गाडीकडे पाहत काढली. मी दोनदा विषय काढला. तिसऱ्यांदा काढला नाही.

सकाळी ते स्नानाला गेले. त्यांना वेळ लागे. मी स्वयंपाकघरात कॉफीचं डिकॉक्शन काढत होते. बाहेर लोखंडावर लोखंड वाजलं. हातातलं टाकून धावले तर मेकॅनिक गाडीखाली होता आणि पायरीवर कापूर जळत होता. मला पाहून तो हसतच बाहेर आला.

“मामी, विजयादशमीचं पहिलं काम तुमच्या दारात! म्हटलं, वर्षाचा पहिला पाना सारांच्याच गाडीला लावावा.”

दांडा काढून जमिनीवर ठेवलेला होता. ब्रेकची तार पेडलाला पुरावी म्हणून त्याने कापलीही होती. मी त्याला काय बोलणार? विजयादशमीला हत्यार हाती घेण्याला उशीर करू नये, हे आम्हीच त्याला शिकवलेलं. तोही आमच्याइतकाच नेमाचा माणूस.

आजोबा बाहेर आले. नवं धोतर, खांद्याला टाळांची पिशवी. भिंतीला धरून उभे राहिले.

“झालं?”

“अर्धं झालं, सार.”

ते ओट्यावर बसले. टाळांची पिशवी खांद्यावरून काढून बाजूला ठेवली. मग मला म्हणाले, “त्यास कॉफी द्या.”

नऊ वाजता लॉरी आली. चौघांनी फळीवरून गाडी वर ढकलली. कंपनीच्या माणसाने मूठ आजोबांच्या पुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. मेकॅनिकला म्हणाले, “स्वामीमलैला नेऊन दे. वितळवतील.” त्याने नेली. पुढे तिचं काय झालं, मी विचारलं नाही.

त्यानंतर आजोबा गोविंदपुरमला गेले नाहीत. भजनाची मंडळी बोलवायला आली, मोटार घेऊन आली. आजोबा त्यांच्याशी गोड बोलले आणि घरीच राहिले. टाळ मी कधी पुढे ठेवले तर ते वर्तमानपत्र उघडत. हळूहळू ते ओट्यावरही बसेनासे झाले, आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहत. डॉक्टर म्हणायचे, प्रकृती ठीक आहे. तीन पावसाळे असे गेले आणि मग ते गेले. त्या सायंकाळी मी हट्ट धरला असता तर काय झालं असतं, असं तुमची आत्या विचारते. काहीच झालं नसतं. ते गेले नसते. मी त्यांना ओळखत होते. म्हणूनच या गोष्टीतून मला कुठलीच वाट सापडत नाही.

गाडी आत-बाहेर करता यावी म्हणून तेव्हा दाराच्या पायऱ्यांवर सिमेंटचा उतार घातला होता. तो अजून आहे.