आधी ऐका, नाव नंतर

दानिएलभाऊंनी पहिल्याच भेटीत मला जे विचारलं, ते अनोळखी माणसाला कुणी विचारू नये. नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नुकतीच लागले होते. आमच्याकडे पत्र्याचे भाग बनत. प्रेस शॉपमधून नमुने येत आणि पत्रा नीट आहे की नाही ते आम्ही तपासायचं. पन्नाशीकडे झुकलेला एक उंच, सावळा माणूस तडकलेला तुकडा घेऊन दारात आला, तुकडा टेबलावर ठेवला आणि जाता जाता वळून म्हणाला, “मॅडम, तुमच्या घरात हल्ली कुनी गेलंय का?”

माझे वडील त्याच उन्हाळ्यात राहुरीला वारले होते. कारखान्यात मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी चिडून म्हटलं, “तुम्हाला काय करायचंय?”

“काय न्हाई. आई गेल्यावर मीबी तुमी चालता तसाच चालत हुतो. म्हनून इचारलं.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एक पांढरं पाकीट आणून दिलं. आत सीडी होती, तिच्यावर ना चित्र ना अक्षर. “यात एकटी बाई हाय आन् एक गिटार. बाई रडत न्हाई, हे महत्त्वाचं. रडनारी तुमाला आत्ता चालायची न्हाई.” मी म्हटलं, मी मराठी शाळेतली, मला इंग्रजी गाणी कळत नाहीत. ते हसले. “मलाबी निम्मी कळत न्हाईत. ती काय तुमची परीक्षा घ्यायला बसलीय का?”

ती सीडी मी निव्वळ त्यांना परत करता यावी म्हणून ऐकली. बाईचा आवाज गोड नव्हता, जरा घोगराच होता, आणि दोन गाण्यांच्या मध्ये तिची खुर्ची करकरल्यासारखी वाटायची. चौथ्या-पाचव्या गाण्याला काय झालं कुणास ठाऊक, वडील गेल्यापासून आलं नव्हतं ते रडू आलं. घरातले घाबरले. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा नीट झोप लागली.

शिफारस करण्याची त्यांची एक शिस्त होती. गायकाचं, बँडचं नाव ते आधी सांगतच नसत. “नाव सांगितलं की मानसं आवडल्यावानी करत्यात. आधी ऐका, नाव नंतर.” एखादं सुटं गाणं कुणाला देणं त्यांना पटत नसे. “एक गानं म्हंजी पावना. चहा पिऊन जातो. अल्बम म्हंजी सोयरा, त्येचं सगळं सोसावं लागतं.” मधलं गाणं ओलांडून पुढं गेलेलं त्यांना बरोबर कळायचं. दुसऱ्या दिवशी येऊन “कसा वाटला?” असं विचारायचे आणि उत्तर ऐकून म्हणायचे, “सहावं सोडलं ना तुमी? सोडू नका. त्येच्याबिगार सातवं उघडंच पडतं.” मला पुढे त्या सगळ्या गायकांची नावं त्यांच्याकडूनच कळली. पण इथे मी ती सांगणार नाही. त्यांना आवडलं नसतं.

मागितलं की मिळेल असंही नव्हतं. आमच्या मॅनेजर साहेबांनी एकदा गाडीत लावायला काहीतरी मजेदार मागितलं, तर भाऊ अदबीनं म्हणाले, “साहेब, गाडीत तुमी हॉर्न ऐका.” उलट त्यांच्या प्रेसवरचा मदतनीस गोरक्ष, पाथर्डीकडचा, याने काही मागितलंच नव्हतं. त्याची बायको लग्नानंतर वर्षाच्या आत माहेरी निघून गेली होती आणि तो खोलीवर भांडी आपटत असे. त्याला भाऊंनी असा अल्बम दिला की पहिल्या सुरालाच भिंत हादरावी, सगळा गिटारचा आणि ड्रमचा गदारोळ. “तुला रडायचं न्हाई, तुला फोडायचंय. ह्यो मोठ्यानं लाव. भांडी वाचतील.” गोरक्षने मला सांगितलं, “मॅडम, कायबी उमजलं न्हाई. डोक्यावरनं गेलं. पर दोनदा ऐकलं बघा.”

हे वेड त्यांना लहानपणी लागलं. त्यांचे वडील नगरमध्ये मिशनच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. बंगल्यातलं परदेशी कुटुंब कायमचं मायदेशी गेलं तेव्हा जाताना एक रेकॉर्ड प्लेयर आणि पेटीभर तबकड्या स्वयंपाक्याला देऊन गेलं. त्या पेटीत सगळ्यात वर होती ती चार पोरांच्या एका बँडची. दानिएलभाऊ आयुष्यभर असंख्य अल्बम ऐकत आले, पण त्यांचा म्हणावा असा अल्बम हाच. तो त्यांनी कुणालाही दिला नाही. वर्णन मात्र करायचे. “पयल्या गान्यात ड्रमवाला लवकर येतच न्हाई. दारात उभा ऱ्हातो. आत येऊ का नको, असं चाललेलं आस्तंय त्येचं.” त्यांच्या चर्चमधल्या लोकांनी या संगीतावरून नाकं मुरडली, पाळकसाहेबांनी एकदा घरी येऊन समजावलं. भाऊ म्हणाले, “देवापाशी सगळी गोडच बोलत्यात का, पाळकसाहेब?” आणि दर रविवारी नेमानं उपासनेला जात राहिले.

आता प्रेस शॉपबद्दल सांगायला हवं. तिथला आवाज मी सांगून कळणार नाही. मी नमुना आणायला दोन मिनिटं गेले तरी बाहेर आल्यावर कान बधिर वाटायचे. कंपनी सगळ्यांना कानात घालायच्या गुड्या द्यायची, आणि त्या सगळ्यांच्या गळ्यात दोरीनं लोंबत असायच्या. सेफ्टी ऑफिसर दिसला की कानात, तो वळला की पुन्हा गळ्यात. याला आळस म्हणता येणार नाही. मदतनीस साच्यातून माल काढून हात बाहेर घेतो आणि “हां” म्हणून ओरडतो, मग ऑपरेटर, म्हणजे भाऊंसारखा माणूस, पायाने पेडल दाबतो. कानात गुडी असेल तर तो “हां” ऐकू येत नाही. न ऐकता पाय पडला तर मदतनिसाचा हात गेला. हात वाचवण्यासाठी त्या लोकांनी कान दिले होते, आणि त्यात काही विशेष आहे असं त्यांच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं.

वर्षातून एकदा कान तपासायची गाडी यायची. आत खुर्चीत बसायचं, कानाला हेडफोन लावायचे, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. कान गेलेल्याला कंत्राटदार आधी पॅकिंगला पाठवायचा आणि मग पुढच्या कंत्राटात त्याचं नाव नसायचं. म्हणून प्रेस शॉपमध्ये जुने लोक नव्यांना एक विद्या शिकवत. तपासणारा मुलगा आवाज सोडताना यंत्राची कळ दाबतो, तेव्हा त्याचं कोपर हलतं. कोपरावर नजर ठेवायची आणि बटण दाबायचं. सगळ्यांचे कान दरवर्षी उत्तम निघायचे. दानिएलभाऊंचेही.

त्यांचं काहीतरी बिघडलंय हे मला एका नाताळात कळलं. दरवर्षी मी त्यांच्याकडे फराळाला जायची. रत्नमालावहिनींच्या करंज्या, चकल्या, आणि मग भाऊंनी निवडून ठेवलेला एक अल्बम, असा बेत ठरलेला असायचा. त्या वर्षी घराला रंग दिला होता. भाऊंनी सीडी लावली, आवाज बेताचा केला आणि टेबलावर बोटानं ताल धरून सांगू लागले, “आता ऐका मॅडम, इथं ती श्वास घेती. घेतला बघा. आता दुसरी गिटार आली, हळूच, मागच्या दारानं.”

खोलीत काहीच वाजत नव्हतं. रंगासाठी कपाट सरकवताना स्पीकरची वायर निघाली होती, ती मला बसल्या जागेवरून दिसत होती. यंत्रावरचा दिवा लागलेला होता आणि भाऊ त्या शांततेत आख्खं गाणं, एकेक वाद्य, जागच्या जागी दाखवत होते. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, बोलू नका म्हणून. त्यांना आधीच माहीत होतं. गाणं संपल्यावर भाऊंनी विचारलं, “कसं वाटलं?” मी हातातली करंजी ताटलीत ठेवली. “छान,” म्हटलं, आणि त्यांनी माझ्या ओठांकडे पाहत मान डोलावली. माझे ओठ ते बहुधा कित्येक महिने वाचत होते.

वहिनी मला सोडायला फाटकापर्यंत आल्या. “कानात सारखे रातकिडे वरडत्यात म्हनतात. माझं बोलनंबी समजत न्हाई आता. कुनाला सांगू देत न्हाईत. मी तरी काय करू?”

मी काय करायचं हे ठरवेपर्यंत भाऊंनीच ते केलं. पुढे कान तपासायची गाडी आली तेव्हा गोरक्ष रांगेत त्यांच्या मागेच होता, त्याने सगळं पाहिलं. भाऊ आत गेले आणि त्यांनी खुर्ची उचलून फिरवली. तपासणाऱ्याकडे पाठ, तोंड गाडीच्या भिंतीकडे. मुलगा म्हणाला, काका, असं नाही बसायचं. भाऊंना ते ऐकूच आलं नाही. हेडफोन लावून, बटण हातात धरून ते बसून राहिले. एकदाही बटण दाबलं नाही.

गोरक्ष त्यांच्यावर भडकला. कंत्राट जाईल हे सगळ्यांनाच दिसत होतं. तो प्रयोगशाळेबाहेर भाऊंना गाठून हातवारे करून ओरडत होता, “कोपराकडं बघायचं ना! आजवर बघितलंच ना! आत्ताच काय झालं तुमाला?” भाऊ त्याच्या तोंडाकडे बघत सगळं वाचून घेत होते. मग त्यांनी गोरक्षचा उजवा हात मनगटाला धरून वर उचलला आणि त्याच्याच डोळ्यांसमोर धरला. “काल तू हां म्हनला का न्हाई, मला कळलं न्हाई. मी अंदाजानं पाय टाकला. दिवसभर अंदाजानंच टाकत हुतो.” गोरक्ष तिथेच खाली बसला. मी प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं, कारण मला ते बघवेना.

पुढे व्हायचं तेच झालं. पॅकिंग, आणि मग कंत्राट संपलं. डॉक्टरांनी सांगितलं की कानाची नसच गेली आहे. कानाला मशीन लावून पाहिलं, पण त्याने आवाज मोठा व्हायचा, स्पष्ट नाही. त्यांनी मशीन लावून एकदाच सीडी लावली. “पत्र्यावर खडे पडल्यावानी वाजतंय,” म्हणाले आणि मशीन डबीत घालून ठेवलं. मला तेव्हा फार राग आला, कुणाचा ते नेमकं सांगता येत नाही. कंपनीचा, कंत्राटदाराचा, त्या कोपराच्या विद्येचाही. देवाचा तर आलाच. भाऊंना स्वतःला मात्र राग आलेला मी पाहिला नाही. ते दिवसेंदिवस फक्त गप्प होत गेले.

गेल्या थंडीत मी त्यांना शेवटची भेटले. वहिनींनी पाटी आणि खडू आणून ठेवला होता, आपण लिहायचं आणि त्यांनी वाचून बोलायचं. दुपारची वेळ होती. खिडकीपाशी खुर्चीत ते डोळे मिटून बसले होते. वहिनी म्हणाल्या, रोज दुपारी असेच बसतात. मी हात लावल्यावर डोळे उघडून त्यांनी समजावलं. तो पेटीतला अल्बम ते रोज डोक्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत लावत होते. एकही गाणं न गाळता. “कानात न्हाई म्हनून काय झालं? हितं हाय की.” पण अलीकडे त्यांना भीती वाटू लागली होती. रातकिड्यांचा आवाज गाण्यांत शिरतोय, तिसऱ्याचं शेपूट चौथ्याला लागतंय, असं वाटत होतं. “एक काम करा. तुमी ह्यो कानाला लावून ऐका. मी संगं म्हनतो. चुकलो की माझा गुडघा दाबा. लाजू नका, खरं दाबा.”

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो अल्बम माझ्या हाती दिला, तबकडीवरून सीडीवर उतरवून घेतलेला. मी सीडीच्या यंत्राला इअरफोन जोडून घातले, एक कान मोकळा ठेवला आणि गाणं सुरू करताना त्यांना खूण केली. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणायला लागले.

त्यात सूर नव्हताच. एकच एक खालचा आवाज होता, घरघरल्यासारखा, वर जायला हवा तिथेही तसाच. ड्रम तेवढे त्यांनी बरोबर उशिरा आणले, हाताने, खुर्चीच्या दांड्यावर. चेहरा मात्र इतका निवांत होता की गुडघा दाबणं माझ्या जिवावर आलं. तरी दाबला. खरं दाबा म्हणाले होते.

“कुठं चुकलं?”

मी पाटीवर लिहिलं, पहिल्यापासून.

त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मी घाईघाईने खाली लिहिलं, गळा चुकत असेल भाऊ, डोक्यातलं बरोबर असेल. आणि मला ते खरंच तसं वाटत होतं, नुसतं समजूत काढायला लिहिलं नव्हतं.

“आसंल,” ते म्हणाले. “पर ते आता कुनाला दाखवून खात्री करायची?”

वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा मी पाटी पुसत होते.

उन्हाळा लागता लागता ते गेले. झोपेतच, हृदय थांबून. दफनविधीनंतर मी वहिनींजवळ बसले होते. मी न विचारताच त्या म्हणाल्या, “तुमी येऊन गेल्यावरबी रोज दुपारी खिडकीत बसायचे. पर डोळं मिटायचे न्हाईत.”