सिंधूचं बारसं

एसटी सुटायला अजून वेळ होता, तरी आई खिडकीचा गज सोडत नव्हती. कुडाळच्या स्टँडवर भाऊ वळकटी टपावर चढवत होता आणि बाबा उगाचच ड्रायव्हरशी घाटातल्या रस्त्याबद्दल बोलत होते. "थंय सगळी परकी असतली गो. तूच आधी बोल," एवढंच आई पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग गाडी हलली. आंबोलीचा घाट चढताना धुकं इतकं दाट झालं की मागे वळून पाहिलं तेव्हा गाव, समुद्राकडचं आभाळ, काहीच उरलं नव्हतं. शेजारी हे बसले होते. लग्न होऊन जेमतेम महिना झालेला. यांना पिंपरीला औषधाच्या नव्या कारखान्यात काम लागलं होतं. पिंपरी कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं. पुण्याच्या पुढे, एवढं कळलं होतं.

तुम्ही आज पाहता ती पिंपरी तेव्हा नव्हती. रेल्वेच्या एका बाजूला जुनं गाव, पवनेच्या काठची शेतं, आणि दुसऱ्या बाजूला निर्वासितांचा कँप. लांबच लांब बराकी, त्यांत सिंधमधून आलेली माणसं. मधल्या माळावर कारखाना. सकाळी भोंगा झाला की शेतातले बैलसुद्धा मान वर करायचे. आम्ही गावातल्या पारूआक्कांच्या पडवीलगतची खोली भाड्यानं घेतली होती. आक्का खूप मायाळू, पण त्यांची बाजरीची भाकरी माझ्या घशाखाली उतरत नसे, आणि माझ्या सुक्या बांगड्याचा वास सुटला की त्या पदर नाकाला लावून अंगणाच्या टोकाला जाऊन उभ्या राहत. कँपातल्या बायका पापड लाटताना मोठमोठ्यानं बोलत. मला वाटे, भांडतायत. हे शिफ्टला गेले की मी दार लोटून बसे. डोळे मिटले की खाडीचं पाणी दिसे. उघडले की माळ. त्या दोहोंमध्ये कुठेतरी मी तरंगत असल्यासारखी होते.

अशा दिवसांत निर्मलाबाई आल्या. पुण्याहून, एकट्या, पायात चपला आणि खांद्याला कापडी पिशवी. कॉलेजात मानवशास्त्र शिकत होत्या आणि गाव, कँप आणि कारखान्याची बिऱ्हाडं शेजारी शेजारी कशी राहतात, हे त्यांना पाहायचं होतं.

"म्हंजी माणसांचा अभ्यास?" पारूआक्का म्हणाल्या. "माणसं काय हरावल्यात व्हय?"

निर्मलाबाई खळखळून हसल्या आणि आक्कांच्या चुलीपुढे बसून भाकरी थापू लागल्या. त्यांची भाकरी फाटली. आक्का खूश झाल्या.

कँपात जायला त्यांना कुणी सोबत हवं होतं. मी गेले, खरं सांगायचं तर घरात बसवत नव्हतं म्हणून. त्या कुणालाच "असं का करता?" असं विचारत नसत. बसत, दिलेलं खात, मूल मांडीवर आलं तर घेत. एकदा परतताना मी म्हटलं, या लोकांचं सगळंच विचित्र आहे. त्या चालता चालता म्हणाल्या, "आपण करतो ती रीत आणि दुसरा करतो ती तऱ्हा, असंच वाटतं सगळ्यांना. तुमच्या बांगड्याबद्दल आक्कांनाही वाटतं. पण दुसऱ्याकडे नुसतं बसून राहिलं ना, की त्या तऱ्हेमागचं माणूस दिसायला लागतं. एवढ्यासाठीच हे शास्त्र." नदीवर ऊन उतरत होतं. दुसऱ्या दिवशी निर्मलाबाई आल्या नाहीत तरी मी एकटीच कँपात गेले.

तिथे हरीबाईंची ओळख झाली. पन्नाशीच्या, मोडकं हिंदी बोलणाऱ्या. कराचीच्या बंदरात त्यांचा धाकटा भाऊ गर्दीत सुटला, तो दुसऱ्या बोटीनं गेला की मागेच राहिला, ते कधी कळलं नाही. त्याच्याबरोबरच्या भावजयीला तेव्हा दिवस होते. "हमारे में बच्चे का नाम पुफी रखती है," त्या म्हणाल्या. पुफी म्हणजे बापाची बहीण. "मैं पुफी हूँ. किसकी हूँ, पता नहीं."

पुढे मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण मध्येच दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी घाटाचा प्रवास करायचा नाही म्हणून बजावलं. ऐन पावसाळ्यात मुलगी झाली. पारूआक्कांनी शेकशेगडी, न्हाणं, सगळं केलं. बारशाला नणंद येणार होती. ही यांची एकुलती बहीण. तिची तार आली: घाटात दरड, गाडी बंद.

"आत्याबिगर बारसं न्हाई व्हायचं बया," आक्का म्हणाल्या. "कुनीतरी आत्या पायजे."

मी पाळण्यातल्या पोरीकडे पाहत राहिले. इतक्या माणसांमध्ये येऊन तिला नावानं हाक मारायला कुणीच असू नये? मग मी यांना म्हटलं, हरीबाईंना बोलवा. हे म्हणाले, "माझ्या आईला काय वाटेल? गावात कळलं तर?" मी म्हटलं, "त्यांच्यातही आत्याच नाव ठेवते." त्यांनी पाळण्यात डोकावून पाहिलं. मग छत्री घेतली आणि कँपाकडे गेले. तिथे काय बोलले ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही. येताना त्यांच्या छत्रीत हरीबाई होत्या. यांचा एक खांदा पूर्ण भिजला होता.

"हमारे में छठे दिन, तुम्हारे में बारहवें," हरीबाई पाळण्याशी वाकत म्हणाल्या. "बच्ची को क्या पता." आम्ही नाव त्यांच्यावरच सोडलं होतं. त्यांनी पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि त्याच क्षणी आक्का आणि बाकीच्या बायांनी आपल्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घातले. हरीबाई दचकून सरळ झाल्या. कुणी मारलं, का मारलं, काही उमजेना. निर्मलाबाईंनी हसत समजावलं, तशा त्या आधी हसल्या, मग तोंडावर ओढणी घेऊन रडू लागल्या.

"नाव काय म्हनं?" आक्कांनी विचारलं.

"सिंधू."

"ग्वाड हाय की!" आक्का म्हणाल्या. आमच्या आळीत तेव्हा दोन सिंधू होत्याच. ती कुणाची नदी आहे, हे त्या खोलीत बहुधा निर्मलाबाईंना आणि मला तेवढं ऐकू आलं. यांनी पुढे होऊन हरीबाईंना वाकून नमस्कार केला आणि साडी दिली, बहिणीला द्यावी तशी.

घाट मोकळा झाल्यावर माझी आई आली. ती मालवणीत बोले, आक्का त्यांच्या बोलीत, हरीबाई सिंधीत. आणि तिघी मिळून पोरीला तेल कसं लावायचं यावर तासन् तास वाद घालत. कुणाचंच कुणाला धड कळत नव्हतं आणि कुणी माघारही घेत नव्हती. मी अंथरुणावर पडून ऐकत असे. कुठला आवाज माहेरचा आणि कुठला इथला, हे झोपेच्या कडेला मला वेगळं करता येईना.

तुम्हा गावकऱ्यांपैकी जे मागे राहिले ते मला अजून विचारतात, परत कधी येणार? आणि जे माझ्यासारखे निघून आले ते विचारतात, गाव आठवतं का? आठवतं, रोज आठवतं. पण आई परत निघाली त्या सकाळी स्टेशनवर मी म्हटलं, "आमचं बिऱ्हाड तुला कसं वाटलं?" गाडी येताना दिसत होती. आईनं सिंधूला हरीबाईंच्या कडेवर दिलं, पदर खोचला आणि मला म्हणाली, "बिऱ्हाड काय म्हणतंस गो? घर आसा तां."