पोपटाचा उष्टा पेरू

लातूरहून नांदेडला जाताना एसटीत शेजारी बसलेल्या त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. विचारायला त्यांनी बोलण्यात मधे जागाच सोडली नाही.

माझी मुलगी घरात गाते, भांडते. परक्या माणसासमोर मात्र तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. तिला बोलतं करणाऱ्या नांदेडच्या मॅडमनी बजावलं होतं, "कंडक्टरला गावाचं नाव तिलाच सांगू द्या. तुम्ही गप्प थांबा."

हे मी बाईंना कसंबसं सांगितलं. त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "त्याला मॅडम कशाला वो, ताई? पोपटाचा उष्टा पेरू चारा. आमच्या घरात समद्यांनी खाल्लाय!"

कंडक्टर आला. "कुठं जायचं, बाळा?"

मुलीनं माझा पदर घट्ट धरला. बऱ्याच वेळानं ओठ हलले. "नां..."

"नांदेड!" बाई ओरडल्या. "लेकरू मुकं हाय वो."

कंडक्टर तिकीट देऊन पुढं गेला. आता मी आभार मानीन म्हणून बाई माझ्याकडं पाहत राहिल्या.

मुलगी माझ्या कानाला लागली. "आई, यांच्या घरात पोपटाला बोलायला मिळतं का गं?"

"काय म्हणली?" बाईंनी लगेच विचारलं.

मी मुलीकडं बोट केलं, आणि मॅडमनी सांगितलं होतं तशी गप्प थांबले.