आमच्या घरातलं ‘बाहेरचं’

आमच्या घरात वारा कुठून शिरतो हे पाहायला मी एक उदबत्ती लावली, आणि रविवार उजाडायच्या आत आमच्या घरात भूत असल्याची बातमी भिंगारभर झाली.

मी भिंगारला राहतो आणि जवळच नगरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. मान्सूनचे वारे कुठून निघतात, कुठे वळतात, हे मी फळ्यावर डोळे मिटून काढू शकतो. पण वडिलांनी बांधलेल्या स्वतःच्या घरात उन्हाळ्याची झळ कुठून येते, हे मला कधी कळलं नाही. यंदा एसी घेतला तेव्हा ते उघडं पडलं. एसी दिवसभर धापा टाकायचा, मीटर पळत सुटायचं, आणि आई एसीसमोर बसून पुठ्ठ्याने वारा घ्यायची!

“याच्याहून मोठा एसी घेऊ,” मी म्हणालो.

“अहो, गळक्या बादलीला मोठा नळ लावून काय होणार?” रूथ म्हणाली. (माझी बायको शाळेत शिकवते. त्यामुळे घरातही धडा तीच संपवते.) “आधी घराच्या फटी शोधा.”

झालं! माझ्यातला संशोधक जागा झाला. गच्चीला पांढरा रंग, कमी विजेचे पंखे, खिडक्यांना जाड पडदे असा सगळा बेत मी आखला. पण सर्वांत जास्त उत्सुकता होती ती फटींची. मोबाईलवर एका गृहस्थांनी सांगितलं होतं, की दारं-खिडक्या लावायच्या, पंखे बंद करायचे आणि पेटती उदबत्ती कडेकडेने फिरवायची. धूर जिथे थरथरेल, तिथे फट.

आता आम्ही ख्रिस्ती. घरात मेणबत्त्या ढीगभर, उदबत्ती एकही नाही. बाजारात दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला.

“सर, तुम्ही? उदबत्ती?”

“प्रयोगासाठी हवी आहे.”

“असू द्या, असू द्या,” तो समजुतीने म्हणाला. “सगळे असंच सांगतात.”

शनिवारी रूथची सकाळची शाळा होती. ती गेल्यावर मी आणि आई कामाला लागलो. मी पुढे उदबत्ती घेऊन, आई मागे खडू घेऊन. धूर हलला की मी ओरडायचो, “इथून येतंय! आई, इथूनच येतंय!” आणि आई त्या जागी खडूने फुली मारायची. बघता बघता सगळ्या घरावर फुल्या झाल्या. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या सुलूमावशी वाटीभर साखर मागायला आल्या, खिडकीच्या काचेतून त्यांनी आत पाहिलं आणि साखर न घेताच परतल्या.

मला काय कल्पना! मी आपला फटींना रबराच्या पट्ट्या चिकटवत बसलो. मागच्या दाराला इतकी जाड पट्टी लावली, की ते उघडेनाच. (मला वाटलं, यालाच यश म्हणतात.) पुढच्या दाराला पट्टी लावून होते न होते तोच सुलूमावशी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना घेऊन हजर!

पाळकसाहेब खुर्चीच्या कडेवर टेकले. भिंतीवरच्या फुल्यांवरून त्यांची नजर हलेना.

“सर, घरी काही त्रास आहे म्हणे?”

“आहे ना! बाहेरचं आत शिरतंय.”

सुलूमावशींनी पदर तोंडाला लावला. “बगा! म्या म्हनलं न्हवतं?”

“कधीपासून?” पाळकसाहेबांचा आवाज खाली गेला.

“घर बांधल्यापासून. वडिलांनाही माहीत होतं. ते चिंध्या कोंबायचे.”

“कुणाला जास्त जाणवतं?”

“आईला. दुपारी तिला दरदरून घाम फुटतो.”

पाळकसाहेब उभे राहिले, डोळे मिटले आणि प्रार्थनेला सुरुवात करणार, इतक्यात आई म्हणाली, “अहो, तो झळांबद्दल बोलतोय!”

मग सगळा खुलासा झाला. पाळकसाहेब इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. आणि मग त्यांनाच उत्सुकता लागली! “बघू तरी,” म्हणत त्यांनी स्वतः दोन उदबत्त्या पेटवल्या. आता त्यांना पक्का बंदोबस्त दाखवायलाच हवा. मी पुढच्या दाराला खांदा लावून ते दणकन बंद केलं. “बघा! मुंगीसुद्धा आत येणार नाही!”

धूर सरळ वर गेला. जराही हलला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. नंतर आई खोकली. मग सुलूमावशी खोकल्या. मी दार ओढलं. दार जागचं हललं नाही. पाळकसाहेबांनी मला धरून ओढलं, तेव्हा मूठ तेवढी माझ्या हातात आली.

“आता काय हो?” सुलूमावशी ओरडल्या. “बाहेरचं ऱ्हायलं बाहेर, आन् आमी लई बेस अडाकलो आत!”

शेवटी एका खिडकीची पट्टी फाडून पाळकसाहेबांनी गजांना तोंड लावलं. “कुणी आहे का? दार ढकला!” होते की! सुलूमावशींनी येताना वाटेत सगळ्यांना सांगितल्यामुळे फाटकाशी चांगली गर्दी जमली होती. पण धुरातून पाळकांचाच असा आवाज येतोय म्हटल्यावर एकही जण पुढे होईना. उलट दोघे-तिघे मागे सरकले!

तेवढ्यात रूथ शाळेतून आली. गर्दी बाजूला सारून तिने दाराला असा धक्का दिला, की दार आत, आम्ही चौघे एकमेकांच्या अंगावर आणि मोगऱ्याच्या उदबत्तीचा धूर रस्त्यावर!

“फट सापडली का?” तिने विचारलं.

सुताराने पट्ट्या तासून बेताच्या केल्या. आता एसी तासाभरात बंद करावा लागतो आणि आई दुपारी शाल मागते. म्हणजे प्रयोग यशस्वी झाला. पण भिंगारला हे कोण सांगणार? परवाच पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई आल्या. “सर, आमच्याकडं बी बाहेरचं हाय. तुमी उदबत्ती घेऊन येता का?”

मी त्यांना बसवून सगळं समजावलं. उष्णता, हवेचा दाब, फटी, वाया जाणारी वीज. वर्गात इतकं मन लावून माझं कुणी कधी ऐकलेलं नाही. बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, “ते समदं खरं सर, पन गुन येईल ना?”

“येईल,” मी म्हणालो. “फक्त मी आत असेपर्यंत दार उघडं ठेवा.”