पानाची मागची बाजू

चुकावाल्या मावशी एकही पान उलटून पाहिल्याशिवाय कापत नसत. जुडी केवढीही असो, प्रत्येक पान उलटायचं, देठापाशी बघायचं, मग कात्री. इंग्लंडात, मिल्टन कीन्सला आम्ही नवीन होतो, मला घाई असायची. "मावशी, कुंडीतलाच चुका आहे ना?" म्हटलं की त्या थांबत. "अगं, कुंडीला काय माहीत तिच्यात काय उगवलंय?"

त्यांनी मला एकदाच शिकवलं. चुक्याच्या पानाला देठाशी दोन कान असतात, टोकदार, मागे वळलेले. इथे झुडपांच्या कुंपणाखाली वसंतात अगदी तसंच एक पान येतं, त्याचे कान गोल. ते विषारी. "पुढून दोघे भाऊ वाटतात," त्या म्हणाल्या, "मागून बघायचं."

नवरा गेल्यापासून त्या एकट्या राहत. घरामागच्या फरसबंद पॅटिओवर दह्याच्या रिकाम्या बादल्या आणि भांडी धुवायचा जुना टब, सगळ्यांना तळाशी भोकं. बी गार्डन सेंटरमधलं, पाकिटावर सॉरेल लिहिलेलं. "नाव काही का असेना, डाळीत आंबट लागतं ना?" रोज सकाळी चिमट्याने गोगलगायी उचलायच्या. फुलाचा दांडा दिसला की लगेच खुडायचा, नाहीतर पान चामड्यासारखं होतं. पुण्याहून कुणी नवीन आलं की आठवड्याच्या आत दारात चुक्याची जुडी आणि मूठभर शेंगदाणे. "पहिल्या आठवड्यात रडू येतं. तेव्हा आंबट खावं." बरोबर मूल असलं तर त्याला एक कच्चं पान चघळायला.

२००६च्या सुमारास माझ्या लक्षात आलं, की त्या पान उलटतात पण बघत नाहीत. अंगठ्याने चाचपतात. मी विचारलं नाही. लीड्सला राहणारा त्यांचा मुलगा त्यांना घेऊन जायला टपलेला होता, हे मला माहीत होतं.

मार्चमधल्या एका शनिवारी त्यांनी जुडी दिली आणि माझ्या चार वर्षांच्या जुईच्या हातात पान ठेवलं. घरी पोचेपर्यंत तिने ते चावलं होतं. "आई, तोंडात टोचतंय." मी तिच्या मुठीतून उरलेला तुकडा काढला. कान गोल होते.

तोंड धुतलं, दूध पाजलं, हेल्पलाइनला फोन केला. श्वासावर आणि ओठांवर लक्ष ठेवा, सूज आली तर लगेच हॉस्पिटल, असं त्यांनी सांगितलं. ती कार्टून बघत होती आणि मी तिचे ओठ. दर पाच मिनिटांनी "आ कर" म्हटल्यावर ती वैतागली. जेवणाच्या वेळेला तिने पास्ता मागितला, तेव्हा मी पहिल्यांदा खाली बसले. मग जुडी सिंकमध्ये सोडली. आणखी तीन पानं निघाली.

जुईला तिच्या बाबाकडे सोपवून मी ती तीन पानं घेऊन गेले. मावशींनी ती खिडकीशी नेली, डोळ्यांजवळ धरली, लांब धरली. "माती कमी पडली म्हणून एका बादलीत कुंपणाखालची घातली होती," त्या म्हणाल्या. मग, "पोरगी कशी आहे?"

"बरी आहे. पास्ता खातेय."

"लीड्सला कळवणार आहेस?"

"मी नाही. तुम्ही कळवायचं. आणि तोवर कुणाला जुडी द्यायची नाही."

त्यांनी वाद घातला नाही. घातला असता तर मला सोपं गेलं असतं. ती बादली आम्ही दोघींनी मिळून काळ्या पिशवीत ओतली. रविवारी त्यांनी स्वतः मुलाला फोन केला, आणि उन्हाळ्यात त्या लीड्सला राहायला गेल्या. जाताना कात्री आणि चार बादल्या माझ्या पॅटिओवर ठेवल्या. "बघून काप," एवढंच म्हणाल्या. पुढे लीड्सहून फोन यायचे, त्यात आधी जुईची चौकशी, मग चुक्याची. आता तेही थांबले.

मी अजून चुका लावते. मातीची पिशवी विकतच आणते, जुड्या वाटते, कच्चं पान कुणाच्याही मुलाच्या हातात देत नाही. गेल्या आठवड्यात कापता कापता माझा अंगठा एका पानाच्या मागे फिरताना दिसला. मी कात्री खाली ठेवली, आत गेले आणि डोळे तपासायची अपॉइंटमेंट घेतली.