मोरोपंतांची गाठ

अमरावतीत अंबागेटच्या आत कुणाचं माणूस गेलं, की पहिला फोन नातेवाइकांना आणि दुसरा मोरोपंतांना जातो. तरुणपणापासून ते अंत्यविधी सांगत आले आहेत. त्यांचे दोन नियम सगळ्या पेठेला पाठ आहेत. अस्थींचा कलश विसर्जनापर्यंत जमिनीला टेकवायचा नाही, झाडाला टांगायचा. आणि त्यावरचं लाल कापड पंतच बांधणार. एकदा बडनेरा स्टेशनच्या गर्दीत एका यजमानाचा कलश उघडला होता. तेव्हापासून ते अशी गाठ मारतात, की सोडवताना नखं दुखतात. कुणी कुरकुर केली तर म्हणतात, "वाटेत सुटली असती, म्हणजे कळलं असतं."

गेल्या वर्षी त्यांच्या पत्नी, रमाबाई, गेल्या. इथली माणसं अस्थी कौंडण्यपूरला वर्धा नदीत सोडतात. पण रमाबाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता आणि मुलगा केयूर समुद्रतळाचा अभ्यास करणाऱ्या जहाजावर होता. पंतांनी कलश बांधून त्याच्या हाती दिला. त्याने तो केबिनच्या हुकाला टांगून नेला आणि काही दिवसांनी फोन केला, "नीट झालं, बाबा." पंतांनी पुढचे विधी केले. वर्षश्राद्धही झालं.

केयूरने कलश सोडला होता, त्याच जागी परवा जहाज पुन्हा गेलं. तिथे चार किलोमीटर खोल तळावर शास्त्रज्ञांनी त्या फेरीतच वर्षभरासाठी एक मापनयंत्र ठेवलं होतं. ते पाहायला कॅमेरा आणि लोखंडी हात असलेलं यान तारेने खाली सोडणार होते आणि ते दृश्य इंटरनेटवर दिसणार होतं. मुलगी अदितीने टीव्ही जोडून दिला. पूजेची फुलं द्यायला आलेले नत्थुजीही टेकले.

"पंत, कायचा अंधार पाहून राहिले?"

"समुद्राचा तळ आहे."

"तळाले तं चिखलच राह्यते. आपल्या नालीत काय कमी हाये? येवढं जहाज कायले?"

अदिती हसली. पडद्यावर करडा गाळ सरकत होता. मापनयंत्राचा पिवळा सांगाडा दिसला. कॅमेरा त्याच्याभोवती फिरला आणि थांबला.

"गडवा दिसून राहिला," नत्थुजी म्हणाले.

तांब्याचा कलश होता. गाळात रुतून, जरासा कलंडलेला. तोंडावर लाल कापड. गाठ शाबूत.

नत्थुजींनी डोक्यावरची टोपी काढली. पंत टीव्हीच्या इतके जवळ गेले, की त्यांचा चष्मा काचेला लागला. ती गाठ दुसऱ्या कुणाची असणं शक्य नव्हतं. गाठ सुटली नव्हती, म्हणजे विसर्जन झालंच नव्हतं; आणि विसर्जनाआधीचं श्राद्ध मातीमोल, हे त्यांनीच शेकडो घरांत सांगितलं होतं.

फोन वाजला. अदितीने स्पीकर लावला.

"बाबा, तुम्ही पाहताय?" केयूर जहाजावरून बोलत होता.

"गाठ सोडली का नाहीस?"

"सुटली नाही. डेकवर एकटाच होतो, जहाज डोलत होतं. एक हात कठड्याला, एका हातात आई. सुरी आणायची तर कलश खाली ठेवावा लागला असता. तुम्ही म्हणाला होतात, टेकवायचा नाही. म्हणून तसाच सोडला. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

पंतांनी काचेवर, त्या गाठीवर बोट ठेवलं.

"इथल्या प्रमुखांनी थोडा वेळ दिलाय. वर आणता येईल. नाहीतर तिथेच उघडतो. पण या लोखंडी हाताला गाठ सुटायची नाही, कापड फाडावं लागेल. काय करू?"

असा प्रश्न आला की पंतांचं उत्तर एरवी तयार असे. आता अदिती त्यांच्याकडे पाहत राहिली. नत्थुजींनी दोनदा खाकरून पाहिलं.

"फाड," पंत म्हणाले.

लोखंडी बोटांनी कापड धरलं. वर्षभर भिजलेलं कापड टरकलं आणि गाठ अखंड त्या बोटांत राहिली. हाताने कलश उचलून पालथा केला. हाडांचे तुकडे गाळात पडले. राख मात्र दिव्यांच्या उजेडात ढगासारखी उभी राहिली.

"पंत," नत्थुजी हळूच म्हणाले, "वाहून नाई राहिलं."

खाली एवढ्या खोल पाणी जवळजवळ हलत नाही, असं केयूर फोनवर सांगत होता. पंत तो ढग पाहत राहिले. मग भिंतीला धरून उठले.

"अदिती, पाणी काढ," ते म्हणाले. "विसर्जनाची अंघोळ करायची आहे. तूही कर. त्यालाही सांग."