पानाचा शेंडा

साठ सालाच्या आसपास आम्ही म्हसळ्याला होतो. आमचे हे लॉऱ्या दुरुस्त करायचे आणि मी अंगणातल्या ग्रीसच्या डागांवरून त्यांच्याशी भांडायचे.

बोटीवर नोकरी करणारा आमचा शेजारी मुंबईहून एक जुनी अमेरिकन गाडी घेऊन आला. तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. त्याच्या आईला हजला जायचं होतं. जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईहून सुटणार आणि नेमकी आदल्या दिवशी गाडी पुढे जाईना. मागे मात्र झकास जायची. एसटी पहाटेच गेलेली. म्हातारी बोचकं घेऊन आमच्या पडवीत येऊन बसली.

हे गाडीखाली शिरले. गिअरबॉक्सचा तळ उघडून त्यांनी वॉल्व्ह बॉडी काढली. विटेएवढा ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्यात भोकंच भोकं, भोकांत दट्टे आणि स्प्रिंगा. त्यातून तेल फिरतं आणि गिअर ठरतो. एक दट्ट्या कचऱ्याने अडकला होता. दट्टे ओळखू यायचे, स्प्रिंगा मात्र साऱ्या बहिणीबहिणी. म्हणून ह्यांनी केळीचं पान आणलं आणि एकेक भाग रॉकेलने धुऊन, निघाला त्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे वाढला. मग हात धुवायला विहिरीवर गेले.

मी चहा घेऊन बाहेर आले तर पानाचा शेंडा उजव्या हाताला! पुरुषांना पान मांडायची अक्कल असते कुठे? मी पान अलगद फिरवलं, एक स्प्रिंगही हलू दिली नाही, आणि स्वतःवर खूश होऊन आत गेले.

तासाभराने ठोकळा जागेवर चढला, बोल्ट आवळले, तेल फडक्यातून गाळून परत ओतलं. शेजाऱ्याने गिअरचा दांडा ओढला. गाडी पुढे गेली नाही. आता तर मागेही जाईना.

"शेवटचा आधी, उजवीकडनंच लावत गेलो, चुकंल कसा?" हे म्हणाले.

म्हातारी बोचक्याची गाठ सोडून पुन्हा बांधू लागली. ते मला बघवेना.

"पान मी फिरवलं," मी म्हणाले. "शेंडा उलटा होता."

ह्यांचे कान लाल झाले. पण म्हातारी त्या सकाळी पहिल्यांदा हसली. "तुमच्यात उलटा पान चालत न्हाय, म्हायती हाय मला. मिस्त्री, तिला बोलू नको. आता उलटीकडनं लाव."

हे हसले तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. सगळं पुन्हा उतरवलं. ह्या वेळी मी शेजारी बसून, आधीच्या उलट क्रमाने एकेक भाग त्यांच्या हातात दिला. चूल तशीच राहिली. दुपारी दांडा ओढताच गाडी पुढे सरकली आणि मी लाजलज्जा सोडून भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या. म्हातारी मागच्या काचेतून दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती.

दोन-अडीच महिन्यांनी ती परतली आणि आधी आमच्या पडवीत आली. केळीच्या पानावर खजूर मांडून तिने माझ्यापुढे ठेवले. मग थांबली, शेंडा कुठे आहे ते नीट पाहिलं आणि पान फिरवून तो माझ्या डाव्या हाताला केला.

"आता खा," म्हणाली.